पूर ओसरला की विम्याची गोष्टही ओसरते



पुराचे पाणी उतरले की महिनाभर गावोगाव एकच विषय असतो. चावडीवर, दूध संस्थेच्या कट्ट्यावर, गट ऑफिसात जो तो म्हणतो, "उसाला विमा पाहिजेच. काय बी करा, पण एवढं करा." मग गणपती जातात, दसरा होतो, बॉयलर पेटतो, तोडणीच्या टोळ्या येतात आणि विम्याचा विषय मागे पडतो. दुसऱ्या वर्षी पाऊस बेताचा झाला तर तो निघतच नाही. तिसऱ्या वर्षी कोणी काढलाच तर तोच माणूस म्हणतो, "अहो, पूर काय दरसाल येतोय व्हय?"

२००५ च्या महापुरानंतर कृष्णा-पंचगंगेच्या काठाला असेच झाले. मध्ये चौदा वर्षे गेली आणि २०१९ चा ऑगस्ट उजाडला. त्यातून माणसे सावरतात न सावरतात तोच २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट धरली आहे. या दोन्ही वर्षी पाणी ५० फुटांच्या वर गेले. उसाचे शेंडे बुडाले, पोंग्यात गाळ बसून ते कुजले, कांड्यांवरचे डोळे फुटले. जो ऊस उभा दिसत होता त्याचेही वजन आणि उतारा दोन्ही घटले.

आमचे म्हणणे असे की, विम्याचा निर्णय पाणी दारात असताना होत नाही, तो पाणी पात्रात असताना करावा लागतो. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे हा विषय यावा आणि सभासदांनी त्यावर नीट बोलावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

हा स्वभाव फक्त आपलाच काय?

शेतकरी अडाणी म्हणून विमा काढत नाही, असे पुष्कळ शिकलेली मंडळी समजतात. ते खरे नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हॉर्टन विद्यालयात हॉवर्ड कुनरूथर नावाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होऊन गेले. २०२३ साली ते वारले. नैसर्गिक आपत्ती आणि त्यांचा विमा या एकाच विषयाला त्यांनी जवळजवळ साठ वर्षे दिली. १९६४ साली अलास्कात झालेल्या मोठ्या भूकंपापासून त्यांचा अभ्यास सुरू झाला आणि आपत्तींच्या अर्थशास्त्रावर डग्लस डेसी यांच्याबरोबर लिहिलेले त्यांचे पुस्तक १९६९ साली निघाले.

तिकडे १९६८ साली सरकारने पूर-विम्याची राष्ट्रीय योजना काढली. खासगी कंपन्या पुराची जोखीम घ्यायला तयार नव्हत्या म्हणून सरकारच पुढे झाले. नदीकाठच्या जुन्या घरांना हप्ता खऱ्या जोखमीपेक्षा पुष्कळ कमी ठेवला. सरकारला वाटले, आता लोक रांगा लावतील. पण १९७२ च्या जूनमध्ये ॲग्नेस वादळाने पेनसिल्व्हेनिया राज्यात मोठा पूर आणला, तेव्हा बुडालेल्या घरांपैकी फारच थोड्यांचा विमा निघाला. शेवटी १९७३ च्या कायद्याने पूरक्षेत्रातले घर तारण ठेवून कर्ज घ्यायचे तर विमा सक्तीचा करावा लागला.

स्वस्तात मिळत असून माणसे विमा का घेत नाहीत, हे कुनरूथर यांनी घरोघरी जाऊन विचारण्याची व्यवस्था केली. पूरक्षेत्रातली सुमारे दोन हजार आणि कॅलिफोर्नियातल्या भूकंपक्षेत्रातली सुमारे एक हजार कुटुंबे त्यांनी तपासली. १९७८ साली त्याचे पुस्तक झाले. त्यातून जे निघाले ते आपल्या गट ऑफिसात बसून लिहिले असावे असे वाटते.

पहिली गोष्ट. पुष्कळांना विमा मिळतो हेच ठाऊक नव्हते. ज्यांना ठाऊक होते त्यांना हप्ता किती आणि भरपाई किती हे नीट सांगता येत नव्हते. दुसरी गोष्ट. ज्यांनी विमा घेतला त्यांनी हिशेब मांडून घेतला नव्हता. पूर्वी नुकसान सोसलेले असायचे, नाहीतर शेजाऱ्याने घेतला म्हणून घेतलेला असायचा. तिसरी गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. लोक सरकारच्या मदतीवर विसंबून राहतात म्हणून विमा घेत नाहीत, असा सर्वांचा समज होता. पण विचारले तेव्हा बहुतेकांनी सांगितले की, सरकार काही देईल असे आम्ही धरलेलेच नव्हते. म्हणजे ही माणसे फुकटची आशा धरून बसली नव्हती. आपल्याला कधी असा फटका बसेल हा विचारच त्यांनी मनातून काढून टाकला होता.

आपल्याकडेही "शेतकऱ्याला फुकटची सवय लागली" असे सभेत ऐकू येते. तसे बोलणाऱ्यांनी ही तिसरी गोष्ट लक्षात घ्यावी, अशी आमची विनंती आहे.

एक वर्ष आणि तीस वर्षे

कुनरूथर यांचे आणखी एक निरीक्षण फार कामाचे आहे. यंदा पूर येण्याची शक्यता शंभरात एक आहे असे सांगितले, तर माणूस ती शून्यच धरतो. पण त्याच माणसाला सांगा की, या घरात तुम्ही तीस वर्षे राहिलात तर त्या काळात एकदा तरी असा पूर येण्याची शक्यता चारात एकाहून जास्त आहे. तो सावध होतो. हिशेब एकच, फक्त काळ वेगळा मांडला.

आपल्याकडे पाटबंधारे खात्याच्या पूररेषा आहेत. निळी रेषा साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या शब्दांनी मोठा घोटाळा केला आहे. "पंचवीस वर्षांतून एकदा" याचा अर्थ लोक असा घेतात की, एकदा येऊन गेला, आता पंचवीस वर्षे निवांत. तसे मुळीच नाही. दरवर्षी पंचविसात एक, हा त्याचा अर्थ. गेल्या वर्षी आला म्हणून यंदाची शक्यता कमी होत नाही. निळ्या रेषेच्या काठावर ज्याचा फड आहे त्याने दहा वर्षे ऊस केला तर त्या दहा वर्षांत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता तिनात एक पडते. पंचवीस वर्षे केला तर ती शंभरात चौसष्टवर जाते. बापाने केलेला ऊस मुलगा करणार आहे, तेव्हा हिशेब एका हंगामाचा करून भागणार नाही.

आणि एकदा विमा घेतला तरी माणूस तो टिकवत नाही. कुनरूथर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००९ या काळातले अमेरिकन पूर-विमे तपासून २०१२ साली निष्कर्ष मांडला. बहुतेक घरांचा विमा दोन ते चार वर्षेच टिकत होता, घर मात्र त्याहून पुष्कळ जास्त काळ त्याच मालकाकडे असे. दोन-तीन वर्षे हप्ता भरला, पाणी आले नाही, मग पैसे वाया गेले असे वाटून विमा सोडून दिला. विम्यापासून काही मिळाले नाही हाच विम्याचा सर्वांत चांगला लाभ, असे ते सांगत असत. वर्षभर वैद्याची गरज लागली नाही म्हणून आपण हळहळत नाही. पण विम्याबाबत हळहळतो खरे.

दांडेकरांनी दाखविलेली वाट

आता आपल्या देशाकडे येऊ. १९७२ पासून काही पिकांचा विमा प्रत्येक शेतकऱ्याचे स्वतंत्र नुकसान मोजून करून पाहिला. सुरुवात गुजरातेत एच-४ कापसापासून झाली. १९७८-७९ पर्यंत सगळे मिळून ३,११० शेतकरी त्यात आले. हप्ता जमला ४ लाख ५४ हजार, भरपाई गेली ३७ लाख ८८ हजार. असा विमा चालणार कसा?

पुण्याच्या गोखले संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर यांनी १९७६ साली यावर लेख लिहिला. दारिद्र्यावरच्या अभ्यासामुळे दांडेकर-रथ ही जोडी आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. त्यातले हे दांडेकर. त्यांचे म्हणणे असे की, लहान लहान तुकड्यांच्या देशात प्रत्येक शेताचे पंचनामे करून विमा चालवता येणार नाही. शेताच्या मागच्या उत्पन्नाची नोंद नाही, ज्याला धोका जास्त तोच विमा घेणार, आणि नुकसान खरे किती व दाखविलेले किती याचा मेळ लागणार नाही. म्हणून एकसारख्या परिसराचे सरासरी उत्पन्न मोजावे आणि ते घटले तर तिथल्या सर्व विमाधारकांना एकाच दराने भरपाई द्यावी. याच तत्त्वावर १९७९ ची प्रायोगिक योजना, १९८५ ची सर्वंकष योजना, १९९९ ची राष्ट्रीय योजना आणि २०१६ ची पंतप्रधान पीकविमा योजना उभी राहिली.

पण आपल्या उसाचे काय? महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा सुरू झाला तेव्हा यादीत भातापासून कांद्यापर्यंत चौदा पिके होती, ऊस नव्हता. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची सवलतही बंद झाली. मदतीचे म्हणाल तर २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरविलेल्या निकषांत बागायती पिकाला हेक्टरी १७,००० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत. एकराला सात हजारही पडत नाहीत. एकरी ४० टन आणि टनाला ३,००० रुपये धरले तर एकराचा ऊस १ लाख २० हजारांचा होतो. राज्य सरकार कधी वाढवून देते, कधी नाही. त्याच्या भरवशावर सोसायटीचे कर्ज फिटत नाही.

इथेच आपल्या कारखान्याची गोष्ट वेगळी ठरते. दांडेकरांची मोठी अडचण ही होती की, शेताशेताची मागची नोंद नाही. आपल्याकडे ती आहे! कोणत्या गट नंबरात कोणत्या तारखेची लागण, जात कोणती, क्षेत्र किती, आडसाली की खोडवा, आणि शेवटी वजनकाट्यावर किती टन उतरले, हे सर्व वर्षानुवर्षे शेती खात्याच्या दप्तरात आहे. भात किंवा सोयाबीन करणाऱ्याकडे असे दप्तर नसते. हे धन आपण आजवर फक्त तोडणीच्या कार्यक्रमासाठी वापरले.

आमची सूचना

विमा विकण्याचा धंदा कारखान्याला करता येत नाही. त्याला विमा नियामकाची नोंदणी लागते. पण सभासदांच्या वतीने एखाद्या सरकारी विमा कंपनीशी सामुदायिक विम्याची बोलणी करता येतील. ती करताना पुढील गोष्टी धराव्यात.

एक, विमा वर्षाचा नको, पाच वर्षांचा हवा, आणि तो उसाच्या नोंदीला जोडलेला हवा. दरसाल "घेता का" असे विचारले तर काय होते हे वर सांगितलेच. कुनरूथर यांनीही हाच उपाय सुचविला होता: विमा अनेक वर्षांचा आणि माणसाऐवजी मालमत्तेला बांधलेला. हप्ता ऊसबिलातून जावा, पण सभासदाच्या लेखी संमतीनेच. एफआरपीला हात लावून सक्तीची कपात केली तर योजना पहिल्याच वर्षी बदनाम होईल.

दोन, हप्ता जोखमीप्रमाणे असावा. समजा, पुरात एकरी निम्मे म्हणजे ६०,००० रुपयांचे नुकसान होते. निळ्या रेषेच्या काठावरच्या फडाला वर्षाची जोखीम त्याचा पंचविसावा भाग, म्हणजे २,४०० रुपये. ४० टनांवर वाटले तर टनाला ६० रुपये. लाल रेषेच्या काठावर तीच ६०० रुपये, म्हणजे टनाला १५. यावर कंपनीचा खर्च चढेल तो वेगळा. रेषेबाहेरच्या माळाला पुराचा हप्ता नाहीच.

तीन, भरपाईची खूण आधीच ठरलेली असावी. ठरलेल्या बंधाऱ्यावर पाणी अमुक फुटांच्या वर अमुक दिवस राहिले, की त्या पट्ट्यातल्या नोंदलेल्या उसाला पहिला हप्ता थेट मिळावा. उरलेला हिशेब वजनकाट्यावरची घट पाहून व्हावा. ओढ्याच्या फुगवट्याने एखादा फड बुडतो आणि बंधाऱ्यावर मात्र पातळी कमी दिसते, असेही होते. अशांसाठी वजनकाट्याची दुसरी कसोटी हवी.

चार, जमलेला हप्ता आणि मिळालेली भरपाई यांचा गाववार हिशेब दरसाल याच अंकात छापला जावा.

तीन आक्षेप

माळावरचे सभासद म्हणतील, "आमच्या उसाला पूर कुठला? आम्ही का म्हणून भरायचं?" त्यांचे म्हणणे रास्त आहे. म्हणूनच सगळ्यांकडून टनामागे सारखी कपात करावी, ही काही मंडळींची सूचना आम्हांला पटत नाही. ती दिसायला सहकाराची दिसते. पण दोन-तीन कोरडी वर्षे गेली की माळावरची बहुसंख्या ती सभेत रद्द करील, आणि नेमका त्यापुढच्या साली पूर येईल. शिवाय सारख्या हप्त्याने नदीकाठाला असे वाटते की, आपली जोखीमही इतरांसारखीच. अमेरिकेच्या योजनेत हप्ता जोखमीपेक्षा कमी राहिला. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर ती कर्जात बुडाली, आणि २०१७ साली तिथल्या संसदेला १६ अब्ज डॉलरचे कर्ज सोडून द्यावे लागले.

नदीकाठचे सभासद म्हणतील, "टनाला साठ रुपये? आधीच मेलेल्याला आणखी मारता होय?" हेही खोटे नाही. एकरभराचा धनी एवढा हप्ता भरू शकणार नाही. अमेरिकेने २०१२ साली कायदा करून हप्ते वाढवायला घेतले, तर लोकांचा ओरडा झाला आणि २०१४ साली माघार घ्यावी लागली. कुनरूथर यांचे यावर उत्तर असे की, हप्त्याचा आकडा जोखमीचाच राहू द्या, आणि गरिबाला वेगळी, उघड मदत करा. आपणही तसेच करावे. अल्पभूधारकाच्या हप्त्याचा काही भाग कारखान्याने वेगळ्या निधीतून भरावा, आणि त्या निधीला माळावरच्या सभासदांनी टनाला रुपया-दोन रुपये द्यावेत. हा विमा नव्हे, हा शेजारधर्म आहे, आणि तो त्याच नावाने मागावा. नदीकाठचा ऊस गेला तर गाळपाचे दिवस घटतात, टनामागचा खर्च वाढतो आणि त्याचा भार माळावरच्या उसाच्या दरावरही पडतो. तेव्हा हा धर्म अगदीच तोट्याचा नाही.

तिसरा आक्षेप सर्वांचाच: "विमा कंपनी पैसे देतीय कुठं?" हा संशय अनुभवातून आलेला आहे, त्याला हसून चालणार नाही. पण एकटा शेतकरी कंपनीच्या दारात उभा राहतो तेव्हाची गोष्ट निराळी, आणि हजारो सभासदांचे दप्तर घेऊन कारखाना बोलणी करतो तेव्हाची निराळी. खूण बंधाऱ्यावरच्या फूटपट्टीची आणि काट्यावरच्या वजनाची असेल तर वादाला जागा कमी राहते. मनासारख्या अटी मिळाल्या नाहीत तर करार करू नये, एवढा अधिकार सभेच्या हातात आहेच.

विम्याने पूर थांबत नाही, हेही स्पष्ट सांगतो. ओढे मोकळे ठेवणे, मोटारी आणि पेट्या वेळेवर वर काढणे, पूररेषेत नवी बांधकामे न करणे ही कामे राहतातच. ज्या गावाने ती केली त्याला हप्त्यात सवलत मिळावी, अशी अट करारात घालता येईल.

सभासदांनी सभेला येण्यापूर्वी एवढेच करावे. आपला गट नंबर कोणत्या पूररेषेत येतो हे गट ऑफिसातून समजून घ्यावे, आणि २००५, २०१९ व २०२१ या तीन वर्षांनंतरच्या हंगामांत आपला किती टन ऊस काट्यावर आला आणि त्याआधी किती येत होता, हे आपल्या बिलांवरून एका कागदावर मांडावे. तो कागद खिशात घालून सभेला यावे. मग टनाला साठ रुपये जड की हलके, हे दुसऱ्या कोणी सांगावे लागणार नाही. यंदा नदी पात्रातच राहिली तर फार चांगले. ठराव मात्र तेवढ्यासाठी पुढे ढकलू नये.